येऊन राहिलो

आमच्या अकोल्यात समुद्र येतो तो दिवाळीनंतर, आणि मोबाइलमधून. इकडे जिनिंगचे पट्टे फिरायला लागतात, कापसाच्या ट्रॉल्या अर्धा रस्ता अडवून उभ्या राहतात, हवेत रुईचे तंतू तरंगत असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत मालवणच्या कुण्या होडीवाल्यानं व्हिडिओ टाकलेला असतो. पाणी साफ झालं, सीझन चालू. निळ्या पाण्यात एखादा जाडजूड पाहुणा हात हलवत असतो, त्याच्या भोवती मासे अशा चेहऱ्यानं फिरतात की जणू यालाच पाहायला ते आलेत. मी मशीनपाशी उभा राहून तो व्हिडिओ पाहतो. डोळ्यांत पाणी येतं. शेजारचा फिटर म्हणतो, "भाऊ, तोंडाले फडकं बांधत जा ना." मी म्हणतो, "हो ना, कापूस गेला डोयात." कापसाची ही एक सोय आहे. वऱ्हाडात दिवाळीपासून होळीपर्यंत कुणालाही भर दुपारी, चारचौघांत रडता येतं.

मी कॉम्प्रेसर दुरुस्त करतो. जिनिंगमध्ये दाबाच्या हवेवर बरंच काही चालतं, आणि ती हवा रुसली की मला बोलावतात. पाण्याशी माझा संबंध बादलीपुरता. आमचं गाव अकोल्याच्या जवळ, खारपाणपट्ट्यात. तिथं विहीर खणली की पाणी लागतं, पण खारं. पिकाला चालत नाही, डाळ शिजत नाही, आणि साबणाला फेस येत नाही. गोडं पाणी नळानं येतं, तेही त्याच्या मर्जीनं. ज्या घरात नळ आला की माणसं हातातला घास टाकून धावतात, त्या घरातला मी. काही वर्षांपूर्वी अख्खा एक सीझन मी समुद्रावर काढला, हे सांगितलं तर आमच्याकडे लोक आधी विचारतात, "काहून?"

तर काहून ते असं. मालवणच्या बाबीकाकांनी पर्यटकांना पाण्याखाली नेण्याचा धंदा टाकला होता. त्यासाठी पाठीवरच्या टाक्यांत हवा भरणारा एक जुना कॉम्प्रेसर त्यांनी घेतला आणि तो वारंवार बंद पडायला लागला. कुणाच्या तरी ओळखीतून माझं नाव त्यांच्यापर्यंत पोचलं. आठवडाभराचं काम म्हणून मी गेलो आणि वैशाखापर्यंत परतलो नाही. मशीन तसं आठवड्यात सुधारलं होतं. बिघाड नंतर माझ्यात झाला. बाबीकाकांची मुलगी रेश्मा पाहुण्यांचा हात धरून त्यांना खाली प्रवाळापर्यंत न्यायची. त्या हिवाळ्याची सगळी गोष्ट एवढीच आहे की आम्हा दोघांना एका घरात राहायचं होतं, आणि ते घर कुठल्या गावात असावं हे ठरत नव्हतं.

पोचलो त्याच दिवशी पहिला गोंधळ. कुडाळला गाडीतून उतरून मी मालवणच्या एसटीत बसलो होतो. बाबीकाकांचा फोन आला, "खंय आसस रे?"

मी म्हटलं, "येऊन राहिलो, काका."

आता आमच्याकडे 'येऊन राहिलो' म्हणजे वाटेत आहे, येतो आहे. मराठीचं बाकीचं राज्य त्याचा अर्थ लावतं की हा आला आणि राहिलासुद्धा. बाबीकाका मोटारसायकल काढून मालवणातल्या सगळ्या लॉजवर विचारत फिरले. वऱ्हाडातून कोण इलो काय? तासाभरानं मी स्टँडवर उतरलो तर समोर घामाघूम माणूस. "येवन रवलंस म्हणालंस ना? मग खंय रवलंस?" मी म्हटलं, "काका, कुठंच नाही राहिलो. मी तर आत्ता येऊन राहिलो." त्यांनी कपाळाला हात लावला. मागं उभी असलेली रेश्मा इतकी हसली की तिला तिथल्या बाकड्यावर बसावं लागलं. तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते असं, माझ्या व्याकरणावर पोट धरून हसताना.

मग तिनं त्या 'राहिलो'चा नादच घेतला. सकाळी होडी लोटताना, "काय रे, उठून राहिला का?" दुपारी ताटावर, "मासे खाऊन राहिला का नुसता बघून राहिला?" तिच्या तोंडी माझी बोली यायची आणि तिच्याकडच्या खाऱ्या वाऱ्यानं त्या बोलीचे कोपरे थोडे गोल व्हायचे. मीही मालवणी शिकायचा प्रयत्न केला. आमच्या 'काहून'ला तिकडे 'कित्याक' म्हणतात, हे कळल्यावर मी दिसेल त्याला 'कित्याक' विचारत सुटलो. कोळणीला मासे देता का म्हणायच्या ऐवजी कित्याक देता, असं विचारलं. तिनं मला जे उत्तर दिलं ते रेश्मानं आजतागायत समजावून सांगितलेलं नाही.

टाक्या मी सकाळी भरायचो. जिनिंगमधली हवा रुई उडवते, इथली हवा माणूस श्वासात घेणार, त्यामुळे मी देवपूजेला बसावं तसा मशीनपुढे बसत असे. तोंडात अर्थातच खर्रा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रेश्मा खालून वर आली, मुखपट्टा काढला, नाक मुरडून म्हणाली, "मेल्या, तुझ्या हवेक तंबाखूचो वास येता." मी घाबरलो. त्या दिवसापासून खर्रा बंद. आमच्या घराण्यात बायका, देव आणि डॉक्टर यांना जे जमलं नव्हतं ते एका वाक्यात झालं. महिनाभरानं डोक्यात उजेड पडला की हवा मशीनच्या नळीतून आत जाते, माझ्या तोंडातून नाही. बारा गावच्या कॉम्प्रेसरांचा हा डॉक्टर. तिला जाब विचारला तर म्हणाली, "माका म्हायत होता. तुका म्हायत नाय, ह्या माका म्हायत नव्हता."

खाली जायला मी भ्यायचो. तारकर्लीच्या वाळूत बसून समुद्राकडे पाहणं मला मानवलं होतं. तिथली वाळू पहाटेला गार, पिठासारखी, आणि पाणी इतकं सौम्य येतं की वाटतं कुणी पाय पुसायला येतंय. पलीकडे देवबागला कर्लीची खाडी समुद्राला मिळते. एका बाजूनं नदी, एका बाजूनं दर्या आणि मधे गावाची चिंचोळी पट्टी. तिच्या टोकाला वाळूच्या दांड्यावर लाटा फुटायच्या. शहराकडची मंडळी तिथं फळ्या घेऊन लाटांवर उभं राहायला यायची. रेश्माला लाट आधी कळायची. म्हणायची, बघ, फुटायच्या आधी ती श्वास घेते. मी फळीवर उभा राहिलो, असं अकोल्यात सांगतो. खरं म्हणजे फळी माझ्यावर उभी राहिली. नाकातोंडात गेलेलं पाणी थुंकत मी म्हटलं, "अरे, हे तर आमच्या विहिरीचं पाणी." तिला ती थाप वाटली.

शेवटी पौषातल्या एका स्वच्छ सकाळी तिनं मला किल्ल्यामागच्या खडकांपाशी पाण्यात उतरवलं. "भियाव नको. हात सोडूचंय नाय मी." पाण्याखाली बोलता येत नाही, ही वऱ्हाडी माणसाला दिलेली सर्वांत मोठी शिक्षा. बोटांच्या खुणा शिकवल्या होत्या, त्या मी उतरता क्षणी विसरलो. ती हातानं विचारी, ठीक? मी आनंदानं अंगठा दाखवी. आता अंगठा म्हणजे आमच्याकडे एक नंबर, मस्त, चालू दे. पाण्याखाली अंगठा म्हणजे मला वर ने. ती मला वर आणी. मी वर येऊन विचारी, "काहून आणलं?" ती म्हणे, "तूच म्हणालंस." पुन्हा खाली, पुन्हा मासे, पुन्हा माझा खूश अंगठा, पुन्हा वर. होडीतली माणसं पाय हलवत बसून हे पाहत होती. एकानं मला विचारलं, "दादा, तुम्ही विहिरीतली बादली आहात का?" अखेर तिनं माझ्या दोन्ही मुठी आपल्या हातांत घट्ट धरल्या, अंगठे आत कोंबून, आणि तशीच खाली घेऊन गेली.

तिथं काय पाहिलं ते मला नीट सांगता येत नाही, आणि मला सांगता येत नाही असं फार कमी आहे. जांभळट दगडांवर काहीतरी फुललेलं होतं. पिवळे-काळे पट्टे असलेला एक मासा माझ्या काचेसमोर येऊन उभा राहिला. उन्हाच्या लांब काड्या पाण्यात तिरप्या उभ्या होत्या, जिनिंगच्या पत्र्याच्या भोकांतून रुईत पडतात तशा. आणि माझ्यासमोर ती. तिच्या तोंडातून बुडबुडे निघत होते आणि चंदेरी होत वर चालले होते. ती हवा मी सकाळी भरलेली. एवढा सगळा जन्म मी हवेचा धंदा केला, पण हवा दिसते हे मला तिथं कळलं. मुठी अजून तिच्या हातांत होत्या. मला वर जायचं नव्हतं, आणि ते सांगायला खूणही ठाऊक नव्हती.

थंडी सरली. शिमगा झाला. रात्री जमिनीकडून दर्याकडे वाहणाऱ्या वाऱ्याला तिकडे मतलई म्हणतात. बाबीकाका म्हणायचे, ह्यो वारो तुमच्याकडचो, देशावरचो. मला तेवढंच बरं वाटायचं, आपल्याकडचं काहीतरी इथं रोज येतं. पण लग्नाचं बोलणं निघालं की ते दर वेळी एकाच जागी येऊन थांबायचं. माय गावी एकटी, मी एकुलता एक. इकडे बाबीकाकांची होडी आणि तिला सांभाळणारी एकटी रेश्मा. "तू ये." "नाही, तू ये." भांडण कधी झालं नाही. भांडलो असतो तर कदाचित कुणीतरी हरलं असतं, आणि हरलेला माणूस निदान सामान तरी बांधतो.

मग तीच म्हणाली, आधी बघते तरी. वैशाखात सीझन संपत आला तेव्हा बापाला घेऊन ती अकोल्याला आली. वैशाखात! बाकीचे अकरा महिने काय मेले होते? पण तिचे सुटीचे दिवस तेच. स्टेशनातून बाहेर आल्यावर तिनं ऊन अंगावर घेतलं आणि ओढणी कपाळापर्यंत ओढली. बाबीकाका म्हणाले, "भट्टी खंय आसा हंयसर?" मी म्हटलं, "काका, ही हवा आहे."

मायनं तिचा जीव लावून पाहुणचार केला. कैरीचं पन्हं, ज्वारीची भाकर, ठेच्यात मुद्दाम कमी मिरची, म्हणजे आमच्या हिशेबानं कमी. रेश्माला दिवसातून तीनदा अंगावर पाणी घ्यायची सवय. नळ येऊन बरेच दिवस झालेले. माय शेजारच्या घरून हंडे आणून ड्रम भरून ठेवायची. एके दुपारी रेश्मानं आमच्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "ह्या दर्याचा पाणी आसा! तू खरा सांगत होतंस." ती हसली. पुन्हा चाखलं. मग विहिरीच्या कठड्यावर बसून खाली, तळाशी चमकणाऱ्या त्या एवढ्याशा पाण्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. दुपारी खोलीत ती कूलरसमोर डोळे मिटून बसायची. मी विचारलं, झोपली का? म्हणाली, "गप रव. डोळे मिटले की लाटांसारखो आवाज येता." मी गप्प राहिलो. वर्षानुवर्षं त्या कूलरजवळ झोपलो, मला कधी लाट ऐकू आली नव्हती. आता दर उन्हाळ्यात येते.

ती आंघोळीला गेलेली असताना माय मला म्हणाली, "पोरगी लाख मोलाची हाये, बापू. पन मासोईले तुयशीच्या कुंडीत लावून राह्यला तू."

"मंग काय करू?"

"मले काय पुसतं? मी का समुद्र पाह्यला हाये?"

निघताना काहीच ठरलं नाही. बाबीकाका म्हणाले, पाऊस जाऊं दे, मग बघूया. पावसाळ्यात समुद्र बंद, होड्या वर ओढलेल्या, आणि आमच्याकडे पेरण्या, निंदण, फवारणी. फोनवर बोलणं व्हायचं. ती सांगायची, आज दर्या काळा झालाय. मी सांगायचो, आज आभाळ. आम्ही दोघं दोन टोकांना वाट पाहत होतो की दुसऱ्याच्या गावात काहीतरी बदलेल.

आणि दिवाळीनंतर, जिनिंग सुरू झाली त्याच आठवड्यात, तिचा फोन आला. मागं पट्ट्याचा घरघराट. मी कानात बोट घालून उभा. ती नेहमीच्या चेष्टेच्या सुरात, आमच्या बोलीत म्हणाली, "काय रे, येऊन राहिला का तू इकडे?"

मी म्हटलं, "नाही बा, सध्या नाही येऊन राहिलो. इकडे जिनिंग चालू झाली, मायचा गुडघाही दुखून राहिला."

पलीकडे एक लाट फुटल्याचा आवाज आला. मग "बरा."

"काय झालं?"

"काय नाय. बरा म्हटलंय ना."

पुढं तिचे फोन कमी झाले. मला वाटलं सीझनची गर्दी. मी माघात जायचं मनात धरलं होतं, सदराही शिवून घेतला होता. माघाच्या आधीच बाबीकाकांचा फोन आला की रेश्माचं लगीन ठरलं, वेंगुर्ल्याचा मुलगा, बँकेत आहे. आवाज पडलेला होता. ते म्हणाले, "तू नाय म्हणालंस, मग आमी तरी काय करतलो." मी म्हटलं, "मी कधी नाही म्हटलं?" पण हे मी फोन ठेवल्यावर म्हटलं.

खरं सांगायचं तर तेव्हाही कळलं नाही. कळलं ते वर्षभरानं. एका लग्नात पुण्याकडची पाहुणे मंडळी बसली होती, आणि मी माझा हुकमी किस्सा सांगत होतो, मालवणच्या लॉजमध्ये शोधल्या गेलेल्या वऱ्हाड्याचा. मी बाबीकाकांचा आवाज काढला, "येवन रवलंस म्हणालंस ना? मग खंय रवलंस?" लोक हसले. नेहमीप्रमाणे मी समजावून सांगायला लागलो की बघा, आम्ही 'येऊन राहिलो' म्हणतो ते येण्याबद्दल, आणि बाकीच्यांना ऐकू येतं ते राहण्याबद्दल, म्हणजे समजा तिकडच्या माणसानं विचारलं की येऊन राहिला का तू इकडे, तर...

तिथं माझी जीभ थांबली. पाहुणे हसत वाट बघत होते. कुणीतरी म्हणालं, "मग? पुढं काय?" मी म्हटलं, "पुढं काही नाही, एवढंच आहे," आणि जिलबी घेऊन आलो, जी मला आवडत नाही.

तेव्हापासून ते वाक्य मी किती वेळा उलटंपालटं केलं असेल. तिनं येण्याचं विचारलं की राहण्याचं? आमची बोली चेष्टेसाठी वापरली की अवघड प्रश्न हलका करायला? कधी वाटतं, नुसती येतोस का म्हणून विचारत होती आणि मीच एवढा मोठा अर्थ लावून स्वतःला महत्त्व देतोय. आणि कधी वाटतं, समजा अर्थ बरोबर कळला असता, तरी मी मायला सोडून 'हो' म्हणालो असतो का? बोलीवर खापर फोडायला बरं असतं. ती बिचारी बोलून दाखवत नाही.

या हिवाळ्यात रेश्माचा निरोप आला. ती आणि तिचा नवरा चिखलदरा पाहायला निघाले होते. गाडी बडनेऱ्याला उतरवणार, वाटेत अकोल्याला थांबते, जमलं तर ये. मी गेलो. नवा सदरा घालून गेलो, आणि वाटेत कॉम्प्रेसरचं तेल लागलेला बूट बघून परत घरी जाऊन आलो, म्हणजे धावत फलाटावर पोचायची सोय आपणच करून ठेवली.

ती दारातच उभी होती. जरा भरली होती, केस कापलेले. तिनं मला पाहिलं आणि हात वर केला. मला सगळं विचारायचं होतं. मी विचारलं, "जेवली का?"

"होय. तू?"

"हो."

तिनं मायची चौकशी केली. मी सांगितलं, गेल्या वर्षी गेली. दाराची कांब धरलेला तिचा हात खाली आला. मागून तिचा नवरा पुढं झाला. गोरा, चष्मेवाला, मनापासून चांगला माणूस. त्याच्याविषयी वाईट चिंतायलाही जागा ठेवलेली नाही त्यानं. "अहो, तुम्हीच ना ते कॉम्प्रेसरवाले? तुमचं नाव आमच्या सासऱ्यांकडे रोज निघतं. घरामागं त्यांनी एक खोली बांधलीय ना, तुमच्यासाठी बांधलेली म्हणे, त्या पावसाळ्यात. अजून तिला सगळे अकोलेकराची खोली म्हणतात. आम्ही गेलो की तिथंच उतरतो. हवा फार छान येते."

रेश्मा म्हणाली, "पाण्याची बाटली घेवन ये ना रे." तो म्हणाला, "आहे की आत भरलेली." ती माझ्याकडे बघत नव्हती. फलाटाच्या पलीकडे रुळांवर कुठल्याशा वॅगनमधून सांडलेला कापूस वाऱ्यानं सरकत होता, ती तो बघत होती.

मी म्हटलं, "खिडकी कोणत्या अंगाला आहे?"

"दर्याकडे," तो म्हणाला.

गाडी हलली. त्यानं हात हलवला. तिनंही हलवला, जरा उशिरा. मी डब्याबरोबर काही पावलं चाललो, मग वेग वाढल्यावर थांबलो. या वयात धावणं शोभत नाही आणि बूट नवे होते. गाडी बडनेऱ्याच्या दिशेनं लहान होत गेली. फलाट रिकामा झाला. चहाची किटली घेऊन एक म्हातारा माझ्यापाशी आला, गाडी गेली त्या बाजूला बघत म्हणाला, "कोनाले सोडाले आलते का, भाऊ?"

"नाही," मी म्हटलं. "घ्याले आलतो."